उकळून टाकलेलं पाणी

त्या दिवशी अंगणवाडीत खिचडीचे तांदूळ आले नाहीत, म्हणून पोरांना लवकर सोडलं आणि मी एक वाजताच घरी आले. दारात चपला काढतेय तोवर आतून हसणं ऐकू आलं. ह्यांचं. पोट धरून हसावं तसं. गेल्या आठ महिन्यांत आमच्या घरात कुणी तसं हसलं नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून बघितलं, तर वन्सं ह्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसलेल्या, मध्ये ताट, आणि त्यांचा हात घास घेऊन वर चाललेला. बावन्न वर्षांच्या बाप्याला भरवत होत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मुद्दाम चपला आपटल्या. हसणं बंद. मी आत जाईपर्यंत वन्सं ताट उचलून मोरीकडं निघाल्याही होत्या.

"आज लवकर गं नलू?"

"माझंच घर आहे वन्सं," मी म्हणाले. "कधीही येईन."

हे गुपचूप भिंतीकडं बघत बसले. शाळेतलं पोर मास्तरीण आल्यावर बसतं तसे.

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. हे कराडला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. पायावर सूज आली, ती चपलेमुळं म्हणून अंगावर काढली. धाप लागली, ती डिझेलच्या धुरामुळं म्हणून काढली. आणि मग एकदम डायलिसिसच. मंगळवार आणि शनिवार. मुलगी सांगलीला नर्सिंगला, तिचं शेवटचं वर्ष. ह्यांचा पगार अर्धा झालेला, त्यामुळं माझी अंगणवाडी सुटणं शक्य नव्हतं.

दवाखान्यात आहाराचं समजावणाऱ्या मुलीनं मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. पाणी मोजून. मीठ नावाला. आणि भाजी? बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी सगळं ओतून द्यायचं, मग राहील ते फोडणीला टाकायचं. "भाजीतलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं मावशी," ती म्हणाली. "ह्यांच्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत. अंगात साठलं की एकदम हृदय थांबतं." मी ते कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवलं. पाणी ओतून दिलं की भाजीचा राहतो चोथा. रंग जातो, वास जातो, चव तर जातेच. हे चार घास चिवडायचे आणि ताट सरकवायचे. मी रागवायचे, मग वाईट वाटायचं, मग पुन्हा रागवायचे.

तेव्हा वन्सं आल्या. शकुंतला, ह्यांची थोरली बहीण, ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, पलीकडच्या पेठेत एका खोलीत एकट्या राहायच्या, गोधड्या शिवायच्या. म्हणाल्या, "तू नोकरी सोडू नकोस नलू. दुपारचं मी बघते." मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? आठ-दहा दिवस त्या माझंच केलेलं नुसतं वाढत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "सकाळची तुझी किती धावपळ. दुपारची भाजी मीच ताजी करत जाऊ का?"

"करा की," मी म्हणाले. कुठल्या मुहूर्तावर म्हणाले, देव जाणे.

कारण संध्याकाळी मी पान वाढलं की हे म्हणायचे, "थोडंच वाढ. दुपारी दडपून जेवलोय. अक्कानं पडवळ केलं होतं. वा!"

पडवळ! बावीस वर्षांत ज्या माणसानं माझ्या घरात पडवळ येऊ दिलं नाही! एकदा आणलं तर म्हणाले होते, साप आणलास का गं बाजारातून. आता त्याच पडवळाला वा.

"काय घालतात वन्सं त्यात?"

"काय माहीत. पण जातं."

माझी भाजी जात नव्हती आणि अक्काची जात होती. मी घरी येऊन पातेली बघायची. एक शीत उरलेलं नसायचं. दोघांपुरतंच करायच्या आणि भांडी घासून पालथी घालून जायच्या. मला वाटायचं, लपवतात. नाहीतर एवढी घाई कशाची?

एकदा मी सरळ विचारलं. "वन्सं, भाजी उकळून पाणी टाकता ना तुम्ही?"

"टाकते की. तू कागद लावलायस ना तिथं."

"सगळं?"

"अगं हो, सगळं. का?"

"काही नाही. सहज."

माझा विश्वास बसला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? चोथा खाऊन कुणी वा म्हणेल का? म्हणजे ही बाई पाणी टाकत नाही. भावाच्या जिवापेक्षा हिला त्याची वाहवा प्यारी. आणि गंमत बघा, महिन्याचा रिपोर्ट आला तर पोटॅशियम अगदी हवं तेवढं. मग माझ्या डोक्यानं पुढचा हिशोब केला. ही पाणी टाकत नाही, तरी रिपोर्ट चांगला. म्हणजे पाणी टाकायची ती सगळी डॉक्टरांची थेरं. आणि मी मूर्ख, सहा महिने स्वतःच्या हातानं स्वतःच्या भाजीची चव मोरीत ओततेय.

त्या संध्याकाळी बटाटे उकळले होते. पातेलं मोरीत कलतं केलं, निम्मं पाणी गेलं, आणि माझा हात थांबला. मी पातेलं सरळ केलं. उरलेल्या पाण्यातच फोडणी दिली, चमचाभर कूट घातलं, कोथिंबीर घातली. घरभर वास सुटला.

पान वाढलं आणि एरवी मी आत निघून जायचे, त्या दिवशी स्टूल ओढून समोर बसले. मला बघायचंच होतं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. जरा वेळ बघतच राहिले.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"छान झालीय," हे म्हणाले. आणि खाली मान घालून जेवायला लागले. दोन चपात्या. वर रस्सा मागून घेतला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, लग्नातसुद्धा झाला नसेल.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या आल्या मी सांगितलं, "काल दोन चपात्या खाल्ल्या ह्यांनी. रस्सा मागून घेतला."

"बरं झालं बाई!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. त्यांनी तोंड वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या खूश झाल्या आणि माझा जळफळाट झाला.

मग मी पाणी टाकायचं बंदच केलं. टोमॅटो घातला. पालक केला. रोज संध्याकाळी स्टुलावर बसून त्यांचा घास तोंडात जाताना बघायची. हे जेवायचे आणि मध्येच अंगणवाडीतल्या पोरांचं काहीबाही विचारायचे. कुठलं पोर रडलं, कुणी कुणाला चावलं. मी सांगायची. आठ दिवस असे गेले.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. मंगळवारच्या डायलिसिसनंतर शनिवारपर्यंत मधे तीन दिवस मोकळे जातात, तेव्हा अंगात सगळं जास्तच साठतं. दुपारी बाराला वन्संचा फोन आला. "नलू, ये लवकर. ह्याच्या पायातलं बळच गेलंय. उभा राहीना."

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ह्यांना आत घेतलं होतं. नाडी निम्म्यावर आलेली. तातडीनं डायलिसिस लावलं. डॉक्टर बाहेर आले, चांगलेच तापलेले.

"पोटॅशियम सात पूर्णांक दोन! काय खायला दिलंत? नारळपाणी? फळं? भाजीचं पाणी टाकता ना?"

वन्सं माझ्या शेजारी उभ्या होत्या. पदरानं तोंड दाबून धरलेलं. डॉक्टर माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "दुपारी मी घरी नसते डॉक्टर. दुपारचं ह्या बघतात."

एवढंच बोलले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

डॉक्टर वन्संकडं वळले आणि त्यांनी त्या म्हातारीला असं काही झाडलं की बाकावरचे लोक बघायला लागले. चार वाजता गावाहून सासूबाई आणि थोरले दीर आले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पोटच्या लेकीपुढं उभ्या राहिल्या. "भाऊ गिळायला आलीस व्हय गं? जिभंचं लाड करून मारायला निघालीस त्येला? आजपस्नं त्येच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

"आई, मी रोज पाणी टाकत होते," वन्सं म्हणाल्या. "नलूनं सांगितलं तस्संच. नलू, तू तरी सांग."

मी ह्यांच्या कपड्यांची पिशवी भरत होते. चेन अडकली होती. ती सोडवत बसले, आणि वर बघितलंच नाही. वन्सं चालत्या झाल्या.

मी मनाला समजावलं, दुपारचं त्यांचं आणि रात्रीचं माझं, दोन्ही मिळून झालं असणार. निम्मा दोष त्यांचाच. मग निम्मी बोलणी त्यांनी खाल्ली तर काय बिघडलं?

हे वाचले. पाचव्या दिवशी घरी आलो. मी महिन्याची रजा टाकली, सासूबाई हाताखाली राहिल्या. आता दुपारही माझी, संध्याकाळही माझी. आणि पाणी मी पुन्हा टाकायला लागले, एक थेंबही न ठेवता. दोन-दोनदा उकळायची. भीतीनं स्टुलावर बसायचंही सुटलं. पान वाढून आत जायचे.

हे जेवेनात. चार घास, मग तीन, मग नुसता ताक-भाताचा एखादा.

"अक्का का येत नाही?" रोज विचारायचे. अक्कानं काय केलं असं सगळे म्हणतात, हे त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी सासूबाईंना बजावून ठेवलं होतं.

"त्यांचा गुडघा दुखतोय."

"मग मी जाऊन येतो रिक्षानं."

"बसा गप. उभं राहवत नाही अजून."

पंधरा दिवसांत सहा किलो वजन उतरलं. गळ्याची हाडं दिसायला लागली. मंगळवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ह्यांच्या पोटात अन्न गेलं नाही, तर डायलिसिस सोसणार नाही ह्यांना. मग माझ्या हातात काही नाही बाई. कसंही करून जेवू घाला."

कसंही करून म्हणजे कसं, ते मला ठाऊक होतं. मान खाली घालून वन्संकडं जायचं, आणि त्या काय करत होत्या ते शिकून यायचं. फार जड गेलं. पण नवऱ्याची हाडं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. वन्सं एकट्याच जेवायला बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"कसा आहे?"

"जेवत नाहीत."

त्यांचा घास हातातच राहिला. मी खाली बसले आणि विचारलंच, "वन्सं, तुम्ही भाजीत काय घालत होता, तेवढं सांगा मला. पाया पडते."

त्यांनी आपलं ताट माझ्याकडं सरकवलं. पांढराफटक दुधी होता. मी बोटानं उचलून तोंडात घातला. चोथा. अगदी माझ्यासारखाच. मीठ नाही, तिखट नाही, काही नाही.

"हे काय? घरी पण असंच?"

"सवय झाली आता. मीठ घातलं की खारट लागतं मला."

"मग हे कसे खायचे? वा म्हणायचे!"

"त्यात काय?" वन्सं म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तू करून ठेवलेलं वाढलं, तर म्हणाला, अक्का, ह्याला जनावरही तोंड लावणार नाही. म्हटलं, बघू आण. त्याच्याच ताटात जेवायला बसले. मी एक घास खाल्ला, म्हटलं आता तू. तू एक, मी एक. तुझं केलेलं दोघांना पुरायचं नाही, म्हणून मग मीच करायला लागले. पडवळाला तर पैज लावायचो, कोण जास्त वेडंवाकडं तोंड करतो म्हणून. हसून हसून पुरेवाट व्हायची मेल्याची."

"त्या दिवशी तुम्ही भरवत होता त्यांना. मी बघितलं दारातून."

"भरवते कशाला? त्याला काय हात नाहीत? मी माझ्या तोंडात घालत होते."

वन्संनी विचारलं, "तू कधी जेवतेस गं?"

"त्यांचं झाल्यावर. सासूबाईंनी लावलेली रीतच आहे ती, पहिल्यापासून."

"आणि काय जेवतेस?"

ह्यांचं पान उचललं की मी स्वयंपाकघरात बसून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा खायचे. तव्यावर परतलेला, लसूण घातलेला. दिवसभर राबल्यावर तेवढंच माझं सुख होतं.

"त्याला वास येतो नलू," वन्सं म्हणाल्या. "पलीकडं पडलेला असतो ना, त्याला सगळा वास येतो. मला म्हणाला होता. तुला सांगू नको म्हणाला, नाहीतर ती खर्डा खायचा सोडेल, तिला काय सुख आहे."

मग मला राहवलं नाही. तिथंच सगळं सांगून टाकलं. निम्मं ओतलेलं पातेलं, टोमॅटो, पालक, आठ दिवस. त्यांच्यावर संशय घेतला तो, आणि दवाखान्यात डॉक्टरांना काय बोलले तेही.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवतील. कसलं काय.

"माझ्या आईनं वीस दिवस माझं तोंड बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "लोकांसमोर मला भावाला गिळणारी म्हणाली. आणि तू पिशवीची चेन लावत बसलीस. ऊठ. मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांग जाऊन."

मी उठले. वाटेत दोनदा वाटलं, राहू दे, उद्या सांगू. पण उद्यापर्यंत मीच फिरले असते, माझा मला भरवसा नव्हता. घरात पाऊल टाकलं आणि चपला न काढताच बोलले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, हे खाटेवर पडले होते.

"वन्संनी काही केलेलं नाही. भाजीचं पाणी मी टाकत नव्हते. आठ दिवस. त्यांची भाजी तुम्हाला आवडते म्हणून."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. "अगं सटवे," एवढंच म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. लेकीला काय काय बोलल्या होत्या ते आठवलं असणार.

हे मात्र आढ्याकडं बघत होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पहिल्या घासालाच कळलं. बावीस वर्षं तुझ्या हातचं खातोय. पाणी टाकलेला बटाटा कुठला आणि न टाकलेला कुठला, मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच. "जीव जात होता तुमचा! मजा वाटली काय?"

"बोललो असतो तर तू पातेलं उचलून आत गेली असतीस," हे म्हणाले. "लग्न झाल्यापासून मी जेवतोय आणि तू समोर बसलीयस, असे ते आठच दिवस झाले गं."

त्यावर मी रडले की भांडले, आता आठवत नाही. भांडलेच असणार.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः गेल्या आणि लेकीला हाताला धरून घेऊन आल्या. वन्सं माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलत होत्या. ते बरोबरच होतं. मग वाटणी ठरली. दुपार त्यांची, संध्याकाळ माझी. संध्याकाळी मी ह्यांच्याच ताटात जेवायला बसायची, चोथ्याचा एक घास ह्यांचा, एक माझा. खर्डा बंद केला. पहिले पंधरा दिवस घास खाली उतरत नव्हता, पुढं उतरायला लागला. ह्यांचं वजन परत आलं. रिपोर्ट चांगले येत राहिले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. रोज अंगणवाडीतून आले की पहिला प्रश्न, "दुपारी किती चपात्या खाल्ल्या?" वन्संकडं दोन झाल्या असतील, तर रात्री माझ्याकडं सव्वादोन झाल्याच पाहिजेत. हे ओळखून होते. खाऊन दाखवायचे, आणि वर वन्संना जाऊन सांगायचे. दोघं मिळून मला हसायची.

असे हे तीन वर्षं आणि दोन महिने जगले. डॉक्टरसुद्धा म्हणाले, एवढी वर्षं कुणी काढत नाही.

गेले ते एका गुरुवारी. भर दुपारी, जेवता जेवता, वन्संच्या मांडीवर मान टाकून. मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. धावत आले तोवर सगळं संपलं होतं. वन्संनी मला पोटाशी धरलं. म्हणाल्या, "सुखानं गेला गं नलू, भरल्या ताटावरून गेला." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ऊर फुटेस्तोवर रडले. हे गेले म्हणून रडले, आणि दुपारी गेले म्हणूनही.